सिंथेटिक बायोलॉजीच्या लॅबमध्ये जागा शोधताय? आधी पैसा कुणाचा ते बघा

"सिंथेटिक बायोलॉजीत काम करायचंय, कुठे जागा असेल तर सांगाल का" अशा अर्थाचे मेल आणि मेसेज मला सतत येत असतात, त्यात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांपासून पीएचडी संपत आलेल्यांपर्यंत सगळे असतात, आणि प्रत्येकाला तेच तेच तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. सिंथेटिक बायोलॉजी म्हणजे जीन आणि पेशी इंजिनिअरसारख्या जोडून-बदलून त्यांच्याकडून हवं ते काम करून घेणं. मी स्वतः अशाच एका लॅबमध्ये काम करते, नवीन माणसं घ्यायची असतात तेव्हा अर्ज वाचायला आणि इंटरव्ह्यूला मीही बसते, त्यामुळे जे लिहितेय ते रोजच्या बघण्यातलं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढी वाचा. "जागा आहे का" हे विचारण्याआधी त्या जागेचा पैसा कुठून येतो आणि तो कधी संपतो हे शोधून काढा. लॅबमधली जागा म्हणजे कुठेतरी रिकामी पडलेली खुर्ची नसते की आलं कुणी तर बसवलं. पीआयने, म्हणजे लॅबच्या प्रमुखाने, एक-दीड वर्षापूर्वी कधीतरी ग्रँटचा, म्हणजे संशोधनासाठीच्या अनुदानाचा, अर्ज लिहिलेला असतो, त्यात "या कामासाठी एक पोस्टडॉक तीन वर्षं, एक पीएचडी स्टुडंट चार वर्षं" असं बजेट मांडलेलं असतं (पोस्टडॉक म्हणजे पीएचडी झाल्यावर मुदतीवर संशोधन करणारा), ती ग्रँट मंजूर झाली की त्या क्षणी ती जागा जन्माला येते, आणि जाहिरात तुमच्या डोळ्यांसमोर येते ती त्यानंतर कित्येक आठवड्यांनी, कधी कधी महिन्यांनी. मधल्या काळात ज्याने नेमका मेल केला त्याचा अर्ज पीआयच्या डोक्यात आधीच बसलेला असतो. हे वशिल्याचं नाही हो, वेळेचं आहे.

आणि ही माहिती गुप्त नसते, हे कुणी सांगतच नाही! अमेरिकेत आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी एनआयएचचं 'रिपोर्टर' नावाचं सर्च आहे, मूलभूत विज्ञानाला पैसा देणाऱ्या एनएसएफचं अवॉर्ड सर्च आहे, युरोपियन युनियनच्या पैशावर चाललेले सगळे प्रोजेक्ट 'कॉर्डिस'वर दिसतात, ब्रिटनचं 'गेटवे टू रिसर्च' आहे. सगळं फुकट, लॉगिनसुद्धा लागत नाही. तिथे ज्या पीआयकडे जायचंय त्यांचं नाव टाका. प्रोजेक्टचं शीर्षक येईल, साध्या भाषेतला गोषवारा येईल, किती रक्कम, सुरुवात कधी आणि शेवट कधी हे सगळं येईल. आता ते असं वाचायचं: ग्रँट गेल्या दोन-तीन महिन्यांत सुरू झाली असेल तर माणसं घेणं चालू असणार, आजच मेल करा. ग्रँट अर्ध्यावर असेल तर माणसं भरलेली आहेत, पण कुणी सोडून गेलं तर जागा निघू शकते. आणि ग्रँट संपायला वर्षही राहिलेलं नसताना तुम्हाला "चार वर्षांची पीएचडी" देऊ करत असतील तर अगदी नम्रपणे पण स्पष्ट विचारा की पुढच्या तीन वर्षांचा पगार कुठून. चांगला पीआय या प्रश्नाने अजिबात रागावत नाही, उलट त्याच्याकडे उत्तर तयार असतं, दुसरी ग्रँट आहे किंवा डिपार्टमेंट हमी देतं वगैरे. जो रागावतो त्याच्याबद्दल तुम्हाला वेळेत कळलं असं समजा.

आता हा पैसा सगळा एकाच जातीचा नसतो, आणि कुठल्या जातीचा आहे त्यावर तुमचं रोजचं आयुष्य कसं असेल ते ठरतं. साधी प्रोजेक्ट ग्रँट असेल, समजा एनआयएचची आर-०१, जी साधारण चार-पाच वर्षांची असते, तर कामाला बऱ्यापैकी मोकळीक असते. ईआरसीची, म्हणजे युरोपियन रिसर्च कौन्सिलची, ग्रँट असेल, स्टार्टिंग ग्रँट म्हणजे ५ वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत, तर पीआय बऱ्याचदा नवा, भुकेला, लॅब उभी करणारा असतो, तुम्हाला त्याचा भरपूर वेळ मिळेल पण मशिनं बसवण्यापासून सगळं करावं लागेल. डार्पाचा, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा, पैसा असेल तर मात्र वेगळं जग, तिथे माइलस्टोन ठरलेले असतात, ठरलेल्या तारखेला रिपोर्ट आणि आकडे द्यावे लागतात, प्रोग्रॅम मॅनेजर लक्ष ठेवून असतो, काही जणांना तो वेग आवडतो, पण स्वतःचा प्रश्न निवांत खणायचाय अशा पीएचडीच्या मुलाची तिथे घुसमट होते. शिवाय तो संरक्षण खात्याचा पैसा आहे, त्यावर काम करायचं की नाही हे ज्याने त्याने आधीच ठरवावं, रुजू झाल्यावर नाही. कंपनीचा पैसा असेल तर पेपर छापायला किती उशीर होऊ शकतो हे लेखी विचारा, कारण पेटंट फाइल होईपर्यंत थांबा असं सांगितलं जातं आणि पीएचडीला तो उशीर परवडत नाही.

मग सेंटरचा पैसा असतो. हा दिसायला सगळ्यात भक्कम, मोठी इमारत, मोठं नाव. पण त्यालाही शेवट असतोच. सिनबर्क हे बर्कलीच्या पुढाकाराने चालणारं, बऱ्याच विद्यापीठांना जोडणारं सेंटर एनएसएफच्या पैशावर २००६ ते २०१६ अशी दहा वर्षं चाललं, या विषयातल्या आज नावाजलेल्या कित्येक लोकांची घडण त्यात झाली, आणि दहा वर्षं झाल्यावर तो पैसा ठरल्याप्रमाणे थांबला. पुढे त्यातूनच ईबीआरसी नावाची वेगळी संस्था उभी राहिली ते छानच झालं, पण २०१५ साली तिथे नव्याने पोस्टडॉक म्हणून जाणाऱ्याने "पुढे काय" हे विचारायला हवंच होतं ना. ब्रिटनमध्येही २०१४-१५ च्या सुमारास सहा सिंथेटिक बायोलॉजी रिसर्च सेंटर्सना पैसे मिळाले, ब्रिस्टल, नॉटिंगहॅम, केंब्रिज-नॉर्विच, एडिनबरा, मँचेस्टर आणि वॉरिक, आणि तेही मुदतीचेच होते. खाजगी फाउंडेशनचा पैसा त्यामानाने लांब पल्ल्याचा असू शकतो, डेन्मार्कमधलं डीटीयूचं बायोसस्टेनेबिलिटी सेंटर नोवो नॉर्डिस्क फाउंडेशनच्या पैशावर उभं आहे, बॉस्टनचं वीस इन्स्टिट्यूट हान्सयोर्ग वीस यांच्या १२.५ कोटी डॉलरच्या देणगीतून सुरू झालं. अशा ठिकाणी मशिनं, ऑटोमेशन, टेक्निकल स्टाफ यांची चंगळ असते आणि पोस्टडॉकचा निम्मा वेळ मिनीप्रेप, म्हणजे पेशींतून डीएनए वेगळं काढण्याचं रोजचं काम, करण्यात जात नाही.

आर्टेमिसिनिनचं उदाहरण मला इथे फार महत्त्वाचं वाटतं. मलेरियावरचं हे औषध एका वनस्पतीतून मिळायचं, बर्कलीतले शास्त्रज्ञ जे कीसलिंग यांच्या गटाने त्याच्या आधीचा रेणू, आर्टेमिसिनिक आम्ल, यीस्टमध्ये बनवून दाखवला, तो पेपर २००६ चा. पण त्याआधी २००४ साली गेट्स फाउंडेशनने या कामासाठी ४.२६ कोटी डॉलर दिले होते, आणि ते एकट्या लॅबला नाही तर एक ना-नफा औषध संस्था, बर्कलीची लॅब आणि अमायरिस ही नवीन कंपनी अशा तिघांच्या गटाला. २०१३ मध्ये लिटरला २५ ग्रॅम इतकं उत्पादन जाहीर झालं. या सगळ्याला साधारण १५० माणूस-वर्षं लागली असा खुद्द कीसलिंग यांचा अंदाज होता. १५० माणूस-वर्षं म्हणजे किती पोझिशन्स झाल्या विचार करा! आणि त्यातले सगळे काही जीन क्लोन करणारे नव्हते, फर्मेंटेशनवाले होते, केमिस्ट होते, अॅनालिटिकलवाले होते. म्हणून या क्षेत्रात मला जागा मिळेल का असं विचारताना "मी क्लोनिंग कुठे शिकलोय" असं म्हणून मागे हटू नका.

खरं तर हा विषयच बाहेरून आलेल्या लोकांनी उभा केलाय. २० जानेवारी २००० च्या 'नेचर'च्या एकाच अंकात दोन पेपर आले, एक रिप्रेसिलेटर आणि दुसरा टॉगल स्विच, दोन्ही जीन जोडून बनवलेली 'सर्किट्स'. पहिल्यात तीन रिप्रेसर जीन एकमेकांना गोल साखळीत बंद करतात आणि ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या पेशी जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनने ठराविक काळाने उजळतात-मावळतात, तो करणारे मायकेल एलोविट्झ आणि स्टॅनिस्लास लीबलर दोघेही फिजिक्सचे. दुसऱ्यात दोन जीन एकमेकांना बंद करतात आणि पेशी बटणासारखी दोनपैकी एका स्थितीत राहते, तो करणारे गार्डनर, कँटर, कॉलिन्स हे बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या विभागातून आलेले. बायोब्रिक्सची, म्हणजे एकमेकांना जोडता येतील अशा ठराविक साच्याच्या डीएनए तुकड्यांची, कल्पना मांडणारे टॉम नाइट हे तर एमआयटीतले कॉम्प्युटरवाले. आणि आता २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल प्रोटीन डिझाइनसाठी बेकर यांना आणि प्रोटीनच्या रचनेच्या अंदाजासाठी हसाबिस आणि जंपर यांना मिळाल्यावर मशीन लर्निंग येणाऱ्या माणसाला या लॅब्जमध्ये किती मागणी आहे ते मी वेगळं सांगायला नको.

फक्त सगळ्या सिंथेटिक बायोलॉजी लॅब्ज एकसारख्या नसतात हे लक्षात ठेवा. काही लॅब्ज सर्किटवाल्या, तिथे गणिती मॉडेल, मायक्रोस्कोपी, फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशीची चमक मोजणं) चालते. काही मेटाबॉलिक इंजिनिअरिंगवाल्या, म्हणजे पेशीकडून हवे ते रेणू बनवून घेणाऱ्या, तिथे एलसी-एमएस (रेणू ओळखून मोजणारं मशीन) आणि पेशी वाढवायची टाकी म्हणजे बायोरिअॅक्टर म्हणजे जीव की प्राण. काही जीनोम लिहिणाऱ्या, केंब्रिजच्या एमआरसी लॅबमध्ये जेसन चिन यांच्या गटाने २०१९ साली ई. कोलायचा अख्खा जीनोम नेहमीच्या ६४ कोडॉनवरून (कोडॉन म्हणजे जीनमधले तीन-तीन अक्षरांचे शब्द) ६१ वर आणला, तसलं काम, त्याला प्रचंड चिकाटी आणि स्वच्छ नोंदी ठेवायची सवय लागते. काही सेल-फ्री (जिवंत पेशीशिवाय काम करणाऱ्या), काही वनस्पतींवर काम करणाऱ्या, काही मिनिमल सेलवाल्या (कमीत कमी जीनवर चालणारी पेशी बनवणाऱ्या). मी असे अर्ज बघते ज्यात एकच पत्र या सगळ्यांना पाठवलेलं असतं, आणि "तुमचं सिंथेटिक बायोलॉजीतलं भरीव योगदान" असं वाक्य त्यात असतंच असतं. ते पत्र कुणालाच लागू पडत नाही.

आता कुठल्या पायरीवर काय मिळू शकतं ते. अजून पदवीला असाल तर आयजेम ही विद्यार्थ्यांच्या टीमची सिंथेटिक बायोलॉजीची स्पर्धा शोधा, माझ्या मते याहून चांगला दरवाजा नाही. २००३ मध्ये एमआयटीत एक छोटा कोर्स म्हणून सुरू झालं, २००४ मध्ये पाच टीम होत्या, आता जगभरातून शेकडो टीम येतात. तुमच्या कॉलेजात टीम नसेल तर उभी करता येते, पण नोंदणी फी आणि प्रवासाचा खर्च मोठा असतो हे आधी धरून चाला, आणि स्पॉन्सर शोधणं हाही त्या कामाचाच भाग आहे, डीएनए सिंथेसिस कंपन्या, विद्यापीठाचा निधी, माजी विद्यार्थी सगळीकडे विचारावं लागतं. गंमत म्हणजे हे पैसे उभे करायला शिकलेली मुलं पुढे फेलोशिपचे अर्ज फार सुंदर लिहितात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. आयजेम नसेल तर समर इंटर्नशिप, जर्मनीत डाड या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचा राइज प्रोग्रॅम आहे, अॅमजेन स्कॉलर्स आहे, प्रत्येकाची देश-विद्यापीठाची अट वेगळी, ती बघून घ्या. फुकट काम करायला मात्र सहजासहजी तयार होऊ नका. ज्यांच्या घरची परिस्थिती बरी आहे त्यांनाच फुकट काम परवडतं, आणि मग हळूहळू विज्ञानात तेवढीच माणसं उरतात, मला हे मनापासून खटकतं.

पदवी आणि पीएचडीच्या मध्ये रिसर्च असिस्टंट किंवा टेक्निशियन म्हणून एक-दोन वर्षं काम करणं हा रस्ता लोक कमी दर्जाचा समजतात, तो तसा बिलकुल नाही. पगार मिळतो, हात बसतो, पेपरवर नाव येऊ शकतं, आणि मुख्य म्हणजे आपल्याला हे आयुष्य झेपतंय का ते पीएचडीत पाच वर्षं अडकायच्या आधी कळतं. बायोफाउंड्री म्हणजे रोबोटवर डीएनए असेंब्ली आणि टेस्टिंग करणाऱ्या सोयी, त्यांची २०१९ मध्ये जागतिक अलायन्ससुद्धा झाली, तिथे तर लिक्विड हँडलर (द्रव मोजून टाकणारा रोबोट) चालवणारी, पायथन लिहिणारी, डेटा नीट लावून ठेवणारी माणसं हवीच असतात आणि ती मिळत नाहीत.

पीएचडीचा पैसा देशागणिक पूर्ण वेगळा आहे. नेदरलँड्स, डेन्मार्कमध्ये पीएचडी म्हणजे नोकरी, काँट्रॅक्ट, पगार, सुट्ट्या सगळं. जर्मनीतही बहुतेक नोकरीच, पण जाहिरातीत "ई-१३, ६५ टक्के" असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे त्या पगारश्रेणीच्या ६५ टक्के पगार, आणि काम मात्र बहुतेक ठिकाणी पूर्ण वेळ अपेक्षित असतं, हे विचारून घ्या. अमेरिकेत तुम्ही डिपार्टमेंटला अर्ज करता, पहिल्या वर्षी रोटेशन करून, म्हणजे काही लॅब्जमध्ये थोडे-थोडे दिवस काम करून, लॅब ठरते, आणि तिथली एक गोष्ट परदेशी मुलांना उशिरा कळते: एनएसएफची जीआरएफपी ही फेलोशिप किंवा एनआयएचच्या ट्रेनिंग ग्रँट्स या नागरिक आणि कायमचा रहिवास असलेल्यांसाठी असतात, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्याचा पैसा बहुधा थेट पीआयच्या ग्रँटमधून किंवा शिकवण्याच्या कामातून येतो. म्हणजे तुमच्यासाठी पीआयची ग्रँट किती शिल्लक आहे हा प्रश्न तिथल्या मुलांपेक्षा जास्त महत्त्वाचा. ब्रिटनमध्ये यूकेआरआय या सरकारी संशोधन निधी संस्थेच्या पीएचडी स्टुडंटशिप २०२१ पासून परदेशी मुलांनाही खुल्या झाल्या पण एकूण जागांच्या ३० टक्क्यांपर्यंतच, आणि परदेशी फी आणि स्थानिक फी यातला फरक कोण भरणार हे प्रत्येक ठिकाणी विचारावं लागतं. युरोपात युरोपियन युनियनच्या पैशावरची मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क्स आहेत, तिथे नागरिकत्व कुठलंही चालतं, एकेका नेटवर्कमध्ये बऱ्याच जागा एकदम निघतात आणि पगार चांगला असतो. फक्त एक अट, ज्या देशात जायचंय तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. मास्टर्स तिथेच करून मग तिथल्याच नेटवर्कला अर्ज केला आणि याच अटीत बाद झाला, असं झालेली मुलं मला माहिती आहेत, म्हणून हे ठळक सांगतेय.

पोस्टडॉकसाठी तर स्वतःचा पैसा घेऊन जाणं ही खरी ताकद. तुमची फेलोशिप असेल तर लॅब तुमची निवड करत नाही, तुम्ही लॅबची करता, निदान बरोबरीने तरी. मारी क्युरीची पोस्टडॉक फेलोशिप आहे, डेडलाइन गेली कित्येक वर्षं सप्टेंबरात असते, तीच ३६-१२ ची अट, पण स्पर्धा भयंकर वाढलीये, २०२५ मध्ये १७ हजारांवर अर्ज आले. एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संस्थेची दोन वर्षांपर्यंतची फेलोशिप आहे आणि तिला अर्ज वर्षभर कधीही करता येतो, जर्मनीच्या हुम्बोल्ट फाउंडेशनचंही तसंच. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची तीन वर्षांची आहे, ती देश बदलणाऱ्यांसाठी, आणि तिच्यात एक क्रॉस-डिसिप्लिनरी प्रकार खास फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी करून बायोलॉजीत येऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. सिंथेटिक बायोलॉजीसाठी याहून चपखल काही नाही, आणि तरी ज्यांच्यासाठी ती आहे त्यांना, म्हणजे फिजिक्सच्या मुलांना, ती माहितीच नसते. अमेरिकेतल्या लॅबसाठी हेलन हे व्हिटनी फाउंडेशन आणि लाइफ सायन्सेस रिसर्च फाउंडेशन या दोन संस्थांकडे परदेशी नागरिकही अर्ज करू शकतात. सगळ्यांच्या अटी दरवर्षी थोड्या हलतात, त्यामुळे माझ्या ब्लॉगवर विसंबून न राहता त्या-त्या वर्षीचा कॉल डाउनलोड करून वाचा.

वेळेचं गणित मात्र सगळीकडे सारखं. फेलोशिपचा अर्ज, मग महिनोन्महिने वाट, मग व्हिसा, असं धरलं तर लॅबला पहिला मेल रुजू व्हायच्या वर्ष-सव्वा वर्ष आधी जायला हवा. थीसिस जमा केल्यावर शोधायला लागणं म्हणजे मधले काही महिने बिनपगारी काढणं. आणि त्या मेलमध्ये "मी अमुक फेलोशिपला अर्ज करतेय, तुम्ही होस्ट व्हाल का" असं लिहिलं की पीआयला त्यात नुकसान काहीच नसतं, त्यामुळे उत्तर येण्याची शक्यता एकदम वाढते. "जागा आहे का" ला "सध्या नाही" एवढं एका ओळीत उत्तर देता येतं, या प्रश्नाला तसं देता येत नाही.

मेल कसा असावा? लहान. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण आणि काय हवंय. मग एक परिच्छेद खराखुरा त्यांच्या कामावर. म्हणजे असं: "तुमच्या पेपरमध्ये सर्किट एक्स्पोनेन्शियल फेजमध्ये छान चालतं पण स्टेशनरी फेजमध्ये सिग्नल पडतो असं सप्लिमेंटमधल्या आकृतीत दिसतं, मी माझ्या मास्टर्सच्या प्रोजेक्टमध्ये प्रमोटर बदलून असाच प्रश्न हाताळला होता, तुमच्या सिस्टिममध्ये हे करून पाहिलंय का?" हे वाचून कुठलाही पीआय खुर्चीत सरळ होऊन बसतो, कारण सप्लिमेंट, म्हणजे पेपरची पुरवणी, वाचणारं माणूस दुर्मिळ. मग कुठली ग्रँट दिसली, कुठल्या फेलोशिपचा विचार आहे, आणि सीव्ही सोबत. कोड लिहिलेला असेल तर गिटहबची लिंक, प्लाझ्मिड (डीएनएची छोटी गोल कडी) बनवून अॅडजीन या प्लाझ्मिड साठवून वाटणाऱ्या संस्थेला दिलेली असतील तर तेही लिहा, दुसऱ्याला वापरता येईल अशी गोष्ट तुम्ही करून ठेवलीये याला फार किंमत आहे. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, त्यात लाज वाटायचं काही कारण नाही, पीआयच्या इनबॉक्सची अवस्था मी रोज बघते.

इंटरव्ह्यूबद्दल थोडं. आमच्याकडे आम्ही उमेदवाराला एक ग्राफ दाखवतो: प्लाझ्मिडवर जीएफपीचं सर्किट असलेले बॅक्टेरिया रोज नव्या मीडियात टाकत गेलो, पहिल्या दिवशी भरपूर चमक, चौथ्या-पाचव्या दिवशी चमक निम्म्यावर. का झालं असेल? याचं एकच बरोबर उत्तर नाही. सर्किटचा पेशीवर बोजा पडतो, त्यामुळे ज्या पेशीत ते म्युटेशनने मोडलं ती जास्त वेगाने वाढते आणि हळूहळू सगळीकडे तीच दिसते, हे एक. प्लाझ्मिडच निघून गेलं असेल, हे दुसरं, आणि प्लाझ्मिड टिकवायला अँपिसिलिन हे अँटिबायोटिक वापरलं असेल तर रेझिस्टंट पेशीच ते मीडियात मोडून टाकतात आणि प्लाझ्मिड टिकवण्याचा दाब उरतच नाही, हे ज्याने स्वतः हाताने काम केलंय त्याला पटकन सुचतं. मग आमचा पुढचा प्रश्न असतो, कसं ओळखाल? प्लेट रीडर फक्त सरासरी दाखवतो, फ्लो सायटोमीटरवर टाकलं तर दिसेल की सगळ्याच पेशी थोड्या मंद झाल्यात की काही पूर्ण विझल्यात आणि बाकीच्या पहिल्यासारख्याच आहेत. वेगवेगळ्या कॉलनी घेऊन सिक्वेन्स करा. अँटिबायोटिक असलेल्या आणि नसलेल्या प्लेटवर मोजा. फिजिक्सचं पोर असेल आणि त्याला अँपिसिलिनचं माहीत नसेल तरी ते "वाढीच्या वेगात थोडा फरक असला तर किती पिढ्यांत दुसरी पेशी वरचढ होईल" हे फळ्यावर मांडतं, आणि आम्हाला तेही तितकंच आवडतं. न चाललेल्या प्रयोगांबद्दल आम्ही मुद्दाम विचारतो. तो मूळ रिप्रेसिलेटरसुद्धा डळमळीतच चालायचा, पेशींचे ठोके एकमेकांपासून लवकर सुटायचे, आणि २०१६ मध्ये हार्वर्डच्या पॉलसन यांच्या गटाने गोंगाट, म्हणजे पेशीतले आपोआप होणारे चढउतार, कुठून येतो ते शोधून काही भाग काढून टाकले तेव्हा तो कमालीचा नियमित झाला. सोळा वर्षं जुन्या, सगळ्यांना पाठ असलेल्या सर्किटमधून इतकं निघालं. न चाललेल्या गोष्टीकडे असं बघणारं माणूस आम्हाला हवं असतं.

तुम्हीही प्रश्न विचारा. लॅबमधल्या सध्याच्या आणि सोडून गेलेल्या दोघांशी, पीआय समोर नसताना बोला. काँट्रॅक्ट एकदम किती वर्षांचं आणि पुढे वाढवायचं कशाच्या आधारावर, जर्मनीत तर पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं अशी मुदतीच्या काँट्रॅक्टची कायद्याने मर्यादाच आहे. पीआयची स्वतःची कंपनी असेल, या क्षेत्रात बऱ्याच जणांची असते, तर तुमचं काम कुठे संपतं आणि कंपनीचं कुठे सुरू होतं. कॉन्फरन्सचा खर्च कोण करतं. गरोदरपण किंवा आजारपणात पगाराचं काय, फेलोशिप आणि नोकरी यात इथे मोठा फरक पडतो, कित्येक देशांत फेलोशिपवाल्याला कर्मचारी धरत नाहीत आणि मग पेन्शन, विमा, रजा सगळंच वेगळं होतं.

कंपन्यांकडे वळणाऱ्यांना थोडक्यात एवढंच, तिथेही पैसा कुणाचा हेच बघा. झायमरजेन या सिंथेटिक बायोलॉजीच्या कंपनीचा २०२१ मध्ये आयपीओ झाला, २०२२ मध्ये गिंकगो या याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीने ती घेतली आणि २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच २०२३ मध्ये अमायरिसनेही केला, जी आर्टेमिसिनिनच्या त्या सुंदर कामातून उभी राहिली होती. तिथल्या लोकांचं विज्ञान उत्तम होतं. म्हणून ऑफर आली की हातात किती महिन्यांचा पैसा आहे हे विचारा, स्टार्टअपमध्ये हा प्रश्न अगदी नेहमीचा आहे आणि उत्तर देतात.

एक शेवटची व्यवहाराची गोष्ट, जी कुठल्याच जाहिरातीत नसते. निवड झाली, पत्र आलं, तरी व्हिसाची फी, विमानाचं तिकीट, घराचं डिपॉझिट हे सगळं पहिला पगार हातात यायच्या आधी तुमच्या खिशातून जातं, आणि पहिला पगार कधी कधी दुसऱ्या महिन्याच्या शेवटी येतो. कित्येक फेलोशिप आणि विद्यापीठं यासाठी रिलोकेशनची रक्कम देतात पण बिलं दाखवल्यावर, म्हणजे नंतर. तेव्हा ऑफर स्वीकारतानाच एचआरला मेल टाका की यातलं काही आगाऊ मिळेल का, बऱ्याच ठिकाणी मिळतं, फक्त मागावं लागतं. आणि तुमची विशिष्ट अडचण असेल, कुठल्या अटीत बसता की नाही कळत नसेल, तर खाली विचारा, मला माहीत असेल ते मी नक्की सांगेन.